होलोग्राम या शब्दात ‘सगळं’ म्हटलंय ते कशाला?

जालना जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या आठवीच्या लेकरांनी विज्ञान प्रदर्शनासाठी पारदर्शक प्लॅस्टिकचा छोटा पिरॅमिड केला आणि मोबाइलच्या पडद्यावर उलटा ठेवला. आत फुलपाखरू तरंगताना दिसलं. तक्त्यावर नाव लिहिलं ‘होलोग्राम’. परीक्षकांनी शब्दाचा अर्थ विचारला, मुलांनी ‘त्रिमितीय चित्र’ असं सांगितलं, आणि परीक्षकांनी नकारार्थी मान हलवली. ताईंना आता हा शब्द कुठून आला ते हवंय, पिरॅमिडला तो लावावा का ते हवंय, आणि बियाण्याच्या पिशवीवर नि पॅनकार्डावर जे चमकतं त्याचा याच्याशी काय संबंध, तेही हवंय. शिवाय मुलांना खरा होलोग्राम दाखवायचा तर कसा?

मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात बरीच वर्षं प्रकाशशास्त्र शिकवलं आणि तिथल्या अंधाऱ्या खोलीत विद्यार्थ्यांबरोबर होलोग्राम तयार केले. त्यामुळे उत्तर जरा लांबेल. ताई, परीक्षकांची शंका योग्य होती, पण लेकरांचाही दोष नाही. आपल्याकडे वर्तमानपत्रापासून गणपतीच्या देखाव्यापर्यंत सगळीकडे हा शब्द त्याच सैल अर्थानं वापरला जातो.

शब्द ग्रीक मुळांचा आहे. ‘होलोस’ म्हणजे संपूर्ण, ‘ग्रामा’ म्हणजे लिहिलेलं. टेलिग्राम, कार्डिओग्राम यांतला ‘ग्राम’ तोच. होलोग्राम म्हणजे ‘संपूर्ण लिहिलेलं’. इथं आपल्यासाठी एक आनंदाची गोष्ट आहे. ग्रीक ‘होलोस’ आणि संस्कृत ‘सर्व’ हे एकाच प्राचीन मुळातून आलेले सख्खे शब्द आहेत. शब्दाच्या सुरुवातीचा ‘स’ ग्रीकमध्ये ‘ह’ होतो. आपलं ‘सप्त’ तिथं ‘हेप्टा’ होतं, तसंच हे. गंमत अशी की उच्चारानं जवळचा वाटणारा इंग्रजी ‘होल’, म्हणजे संपूर्ण, हा मात्र त्या कुळातला नाही. तो जर्मानिक शाखेतला वेगळा शब्द आहे. मी वर्गात ‘सर्वलेख’ असा शब्द समजावण्यापुरता वापरत असे. रोजच्या व्यवहारात होलोग्रामच बरा, तो आता आपलाच झालाय.

वकिलांच्या भाषेतला ‘होलोग्राफ विल’ हा प्रयोगही इथं सांगायला हवा. स्वतःच्या हातानं पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत लिहिलेलं मृत्युपत्र, असा त्याचा अर्थ. मुळं तीच, पण वापर प्रकाशाच्या होलोग्रामपेक्षा कितीतरी जुना. कुणी कोर्टाच्या कागदात ‘होलोग्राफ’ वाचून चमकणारं स्टिकर शोधायला लागलं तर त्याला हे सांगा.

प्रकाशाच्या संदर्भात हा शब्द घडवला डेनिस गाबोर यांनी. जन्म बुडापेस्टचा, १९०० सालचा. नाझी राजवट आल्यावर जर्मनी सोडून ते इंग्लंडमध्ये आले आणि रग्बी गावातल्या ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टन या विजेची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत संशोधन करू लागले. त्रिमितीय चित्रं काढावीत असं त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांच्यापुढे अडचण होती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची. त्या सूक्ष्मदर्शकाच्या चुंबकीय भिंगात एक मूळचा दोष असतो, गोलीय विपथन, म्हणजे भिंगाच्या कडेनं आणि मधून गेलेले किरण एकाच बिंदूत न मिळणं. त्यामुळे अणू दिसतील इतकी बारीक प्रतिमा मिळत नव्हती. गाबोर यांना १९४७ च्या ईस्टरच्या सुमारास युक्ती सुचली. भिंग सदोष आहे तर असू द्या, आधी इलेक्ट्रॉनच्या लहरीची सगळी माहिती एका चित्रात नोंदवून घ्या, आणि मग त्या नोंदीतून लहर प्रकाशाच्या साहाय्यानं पुन्हा उभी करून दोष नंतर दुरुस्त करा. १९४८ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचं छोटं टिपण आलं, १९४९ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात सविस्तर लेख. त्या नोंदीला त्यांनी होलोग्राम म्हटलं, कारण वस्तू पुन्हा उभी करायला लागणारी संपूर्ण माहिती तिच्यात असते.

म्हणजे ‘संपूर्ण’ हे विशेषण माहितीला लागलंय. वस्तू सगळ्या बाजूंनी दिसते, चित्र हवेत तरंगतं, असं काही त्यात नाही. हे एकदा पक्कं झालं की बाकीचा गोंधळ आपोआप निवळतो, म्हणून मी इथं थोडा थांबतो.

वस्तूवरून परावर्तित झालेली प्रकाशलहर डोळ्यापर्यंत येते तेव्हा तिच्यात दोन गोष्टी असतात. एक, लहर किती उंच, तिला आयाम म्हणतात. दुसरी, त्या ठिकाणी त्या क्षणी ती चढावर आहे की उतारावर, माथ्यावर आहे की तळाशी. पाठ्यपुस्तकात हिला कला म्हणतात. वस्तूचा कोणता बिंदू जवळ आणि कोणता लांब, ही बातमी मुख्यतः कलेत असते. लांबून आलेली लहर जवळून आलेल्या लहरीच्या मागे पडलेली असते, तेच कलांतर. आता फोटो काढला तर काय होतं? दृश्य प्रकाशाची लहर एका सेकंदात पाचावर चौदा शून्यं इतक्या वेळा वरखाली होते. कुठलीही फिल्म, कुठलाही सेन्सर त्या वेगानं चढ-उतार टिपू शकत नाही. त्याला फक्त सरासरी ऊर्जा कळते, म्हणजे उजेड किती एवढंच. आयाम उरतो, कला हरवते. फोटो सपाट असतो तो याचमुळे. अर्धं लेखन पुसलं गेलेलं असतं.

गाबोर यांनी कला नोंदवायची वाट काढली ती व्यतिकरणातून. शेततळ्यात एक खडा टाकला तर गोल तरंग पसरतात. त्याच वेळी दुसरा टाकला तर दोन्ही तरंग एकमेकांत मिसळतात आणि काही जागी पाणी जोरात उसळतं, काही जागी जवळजवळ निश्चल राहतं. कुठं उसळतं आणि कुठं थांबतं, याची नक्षी खड्यांच्या जागांवर ठरते. एका खड्याची जागा माहीत असेल तर त्या नक्षीवरून दुसऱ्याची सांगता येते. होलोग्राममध्ये माहीत असलेली लहर म्हणजे संदर्भकिरण, आणि वस्तूवरून आलेली म्हणजे वस्तुकिरण. दोघांची फिल्मवर गाठ पडते आणि काळ्या-उजळ पट्ट्यांची अतिसूक्ष्म नक्षी तयार होते. कलेची बातमी आता उजेडाच्या कमी-जास्तपणात उतरली, आणि उजेड तर फिल्मला वाचता येतो. नंतर त्याच फिल्मवर एकटा संदर्भकिरण टाकला की त्या पट्ट्यांवरून विवर्तन होऊन, म्हणजे बारीक पट्ट्यांमुळे प्रकाश ठराविक दिशांना वळून, मूळ वस्तुकिरण पुन्हा निघतो. डोळ्याच्या दृष्टीनं वस्तू तिथंच आहे. मान उजवीकडे नेली की मागचं झाकलेलं दिसू लागतं. त्रिमितीयता हा ‘सगळं लिहिण्या’चा परिणाम आहे, व्याख्या नव्हे.

गाबोर यांनी इलेक्ट्रॉनऐवजी आधी साध्या प्रकाशानंच प्रयोग केला. त्यासाठी वापरलेल्या छोट्याशा पारदर्शक चकतीवर तीन नावं होती : हॉयगेन्स, यंग, फ्रेनेल. प्रकाश ही लहर आहे हे मांडणारे हे तिघे. अगदी पहिल्या होलोग्राममध्ये खरोखरच अक्षरं लिहिलेली होती, हे मुलांना आवर्जून सांगा. प्रकाशाचा स्रोत होता पाऱ्याचा दिवा. त्याची लहर जेमतेम दशांश मिलिमीटर अंतरापर्यंत शिस्तीत राहत असे, त्यामुळे खोली असलेली वस्तू घेणं शक्यच नव्हतं. शिवाय मूळ प्रतिमेच्या आड तिची जुळी प्रतिमा येऊन बसे. पुढची जवळजवळ पंधरा वर्षं या कल्पनेकडे फार कुणी वळलं नाही.

१९६० मध्ये लेझर आला आणि चित्र पालटलं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात एमेट लीथ रडारच्या कामात होते, तिथं त्यांना लहरींची नोंद करण्याची सवय होती. त्यांनी आणि युरिस उपाट्निएक्स यांनी संदर्भकिरण तिरका आणला आणि जुळ्या प्रतिमेची कटकट संपली. १९६४ मध्ये त्यांनी खेळण्यातल्या आगगाडीचा होलोग्राम ऑप्टिकल सोसायटीच्या सभेत दाखवला, तेव्हा तो बघायला शास्त्रज्ञांची रांग लागली होती. गंमत म्हणजे हे दोघे आपल्या कामाला ‘लहरमुखाची पुनर्रचना’ म्हणत आणि वर्तमानपत्रं ‘भिंगाविना छायाचित्रण’. त्याच काळात सोव्हिएत संघात युरी डेनिस्युक यांनी वेगळ्या वाटेनं, साध्या पांढऱ्या उजेडात पाहता येणारा परावर्तन होलोग्राम केला. ते त्याला लहरींचं छायाचित्रण म्हणत. इतकी नावं शर्यतीत असताना टिकला तो गाबोर यांचाच शब्द. मला वाटतं, तो टिकला कारण तो नेमका होता. १९७१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल गाबोर यांना मिळालं.

त्यांचं मूळ स्वप्नही वाया गेलं नाही. इलेक्ट्रॉनचे होलोग्राम पुढे शक्य झाले, आणि १९८६ मध्ये जपानमध्ये अकिरा तोनोमुरा यांच्या गटानं त्याच तंत्रानं अहारोनोव्ह-बोम परिणाम निर्विवाद दाखवून दिला. चुंबकीय क्षेत्राला स्पर्शही न करता बाजूनं गेलेल्या इलेक्ट्रॉनची कला बदलते, असा तो परिणाम. आयाम तोच, बदल फक्त कलेत. साध्या फोटोला तो कधीच दिसला नसता.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल, कारण हात घातल्याशिवाय ‘सगळं लिहिणं’ किती नाजूक आहे ते कळत नाही. आमच्याकडे लाल हेलियम-निऑन लेझर होता, तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर. दोन किरणांत तीस अंशांचा कोन ठेवला तर फिल्मवरचे पट्टे साधारण सव्वा मायक्रोमीटर अंतरावर पडतात, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये आठशेच्या घरात. माणसाचा केस सत्तर-ऐंशी मायक्रोमीटर जाड असतो. फिल्मवर प्रकाश पडत असताना पट्टा आपल्या रुंदीच्या पाव भागानंही सरकला तर सगळं पुसट होतं. म्हणून वाळूनं भरलेली जड पेटी हवा भरलेल्या ट्यूबवर ठेवायची आणि आरसे-भिंगं त्या वाळूत रोवायची. पंखा बंद, दार बंद, बोलणं बंद. रस्त्यावरून ट्रक गेला तरी नोंद बिघडते, म्हणून काम रात्री उशिरा. उन्हाळ्यात आपल्याकडे ती बंद खोली कशी तापते ते सांगायला नको. मुलं घामानं निथळत असायची, पण जागची हलत नसायची. सगळं मांडून झाल्यावर काही मिनिटं नुसतं थांबायचं, वाळू आणि हवा स्थिर होऊ द्यायची, मग लेझरसमोरचं झाकण उचलायचं.

वस्तू कडक हवी. नाणं चालतं, पांढरा रंग दिलेली शाडूची छोटी मूर्ती उत्तम चालते. ताजं फूल ठेवलं तर त्या जागी काळा खड्डा दिसतो, कारण पाकळ्या आपल्याला न दिसता हलत असतात. हाच दोष पुढे मोठ्या कामाचा ठरला. १९६५ मध्ये पॉवेल आणि स्टेटसन यांनी दाखवलं की कंप पावणाऱ्या वस्तूचा होलोग्राम तिच्यावर पट्टे उमटवतो आणि त्या पट्ट्यांवरून कुठला भाग किती हलतोय ते मोजता येतं. यंत्रांचे भाग, टायर तपासायला हे तंत्र वापरलं गेलं.

विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होई तो फिल्म धुऊन झाल्यावर. साध्या उजेडात तिच्यावर मूर्ती दिसत नाही. फिल्मचा थर असलेली करडी काच आणि तिच्यावर काही गोल वलयं. मुलं म्हणत, सर, हीच नक्षी. ती वलयं भिंगावरच्या धुळीची असतात. खरं लेखन डोळ्याला दिसण्याइतकं मोठं नसतंच. लेझर पुन्हा पडला आणि काचेमागे मूर्ती उभी राहिली की खोलीत जी शांतता पसरे, तिच्यासाठी मी हे काम इतकी वर्षं केलं.

होलोग्राम फोडला तर प्रत्येक तुकड्यात पूर्ण चित्र असतं, असं प्रवचनांतही ऐकू येतं, ‘पूर्णमदः’च्या जोडीला. लेझरनं पाहायच्या काचेच्या बाबतीत ते खरं आहे, मात्र अटीसह. काचेवरच्या प्रत्येक जागी वस्तूच्या सगळ्या बिंदूंकडून लहर आलेली असते, म्हणून तुकड्यातूनही सगळी वस्तू दिसते. पण तुकडा जितका छोटा तितकी पाहण्याची खिडकी अरुंद, आणि चित्रही अस्पष्ट. माहिती कमी झालेलीच असते. कार्डावरच्या चमकत्या होलोग्रामला तर हे लागूच होत नाही. त्यात प्रतिमा पृष्ठभागाच्या अगदी जवळ बसवलेली असते. तो अर्धा कापला तर अर्धंच चित्र उरतं. श्रद्धेच्या विषयाला भौतिकशास्त्राचा टेकू द्यायचा मोह मला समजतो, पण हा टेकू त्या कामाचा नाही.

कार्डावरचा होलोग्राम आला स्टीफन बेंटन यांच्या १९६८ च्या कामातून. त्यांनी वर-खालीचा दृष्टिभेद, म्हणजे डोळा वर-खाली नेल्यावर दृश्य बदलणं, मुद्दाम काढून टाकला, त्या बदल्यात पांढऱ्या उजेडात प्रतिमा दिसू लागली, इंद्रधनुष्याच्या रंगांत. पुढे ही नक्षी निकेलच्या ठशावर उतरवून प्लॅस्टिकच्या फिल्मवर दाबून छापता येऊ लागली, मागे ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा. १९८३ मध्ये मास्टरकार्डवर असा होलोग्राम आला, पाठोपाठ व्हिसाचं कबुतर. आपल्या पॅनकार्डावरचा त्याच घराण्यातला. बियाणं, औषधं यांच्या वेष्टनावरच्या कित्येक लेबलांत प्रत्यक्ष वस्तूची लहर नोंदलेलीच नसते, संगणकानं ठिपक्या-ठिपक्यानं सूक्ष्म रेघा काढलेल्या असतात. मी त्यांना होलोग्रामचे जवळचे नातेवाईक म्हणेन. तिथंही विवर्तन घडवणारं काहीतरी लिहिलेलं आहेच. आपल्या नोटेवर मात्र होलोग्राम नाही. पाचशेच्या नोटेतला धागा तिरका केला की हिरव्याचा निळा होतो, ते रंग बदलणाऱ्या लेपाचं काम. युरोच्या नोटांवर होलोग्राम आहे.

जालना म्हणजे बियाण्याचं गाव, म्हणून एवढं सांगतो. पिशवीवर काहीतरी चमकतंय एवढ्यावर विश्वास ठेवू नका. साधा चमकी कागद सगळ्या बाजूंनी सारखेच रंग फेकतो. चांगल्या लेबलात पिशवी फिरवली की ठराविक चिन्ह किंवा अक्षर एका कोनात उमटतं आणि दुसऱ्यात नाहीसं होतं. ट्यूबलाइटखाली हे कळत नाही, उन्हात किंवा एकाच बल्बखाली बघा. आणि होलोग्रामचीही नक्कल होते. पक्की पावती, लॉट नंबर, पिशवी, टॅग आणि मूठभर बियाणं पेरणीनंतरही जपून ठेवणं हेच शेतकऱ्याचं खरं संरक्षण.

आता पिरॅमिड. त्यात मोबाइलच्या पडद्यावरचं सपाट चित्र तिरक्या प्लॅस्टिकवरून परावर्तित होऊन डोळ्यात येतं. कुठंच काही नोंदलेलं नाही, व्यतिकरण नाही, कला नाही. ही युक्ती होलोग्रामपेक्षा खूप जुनी आहे. लंडनमध्ये १८६२ मध्ये जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर तिरकी काच लावून भूत दाखवलं, म्हणून तिला ‘पेपरचं भूत’ म्हणतात. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची. २०१४ च्या निवडणुकीतल्या ‘होलोग्राम सभा’ याच तत्त्वावरच्या. गणपतीच्या देखाव्यात हवेत दिसणारी मूर्ती बहुतेक वेळा हीच असते, किंवा मग फिरणाऱ्या पात्यांवरच्या एलईडींचा पंखा. २३ जानेवारी २०२२ ला इंडिया गेटजवळ नेताजींचा जो ‘होलोग्राम पुतळा’ उभा राहिला, तो पारदर्शक पडद्यावर प्रोजेक्टरनं टाकलेला होता. ही सगळी तंत्रं आपापल्या जागी सुंदर आहेत. त्यांना खोटं म्हणायची गरज नाही, फक्त त्यांचं नाव वेगळं आहे. ताई, तक्त्यावर ‘पेपरचं भूत : परावर्तनातून आभासी प्रतिमा’ असं लिहा. आठवीच्या मुलाला त्याचा किरणालेख स्वतः काढता येतो, म्हणजे परीक्षकांच्या पुढच्या प्रश्नालाही तो उत्तर देईल.

आणि खरा होलोग्राम दाखवायला लेझर नको. शाळेत लेझर पॉइंटर आणूच नका, डोळ्याला धोका असतो. मुदत संपलेलं, होलोग्राम असलेलं एखादं बँक कार्ड घ्या. खोलीत अंधार करा, एकाच मोबाइलचा टॉर्च वरून, हातभर अंतरावरून पाडा. कार्ड पुढे-मागे कलवायला सांगा, रंग लालपासून निळ्यापर्यंत सरकतील पण आकार जागचा हलणार नाही. मग डावी-उजवीकडे कलवायला सांगा. प्रतिमेला खोली असेल तर पुढचा भाग मागच्या भागावरून सरकताना दिसेल. आधी एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून बघायला लावा, दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळं दृश्य दिसेल. बेंटन यांनी वर-खालीचा दृष्टिभेद का काढला असेल, हा प्रश्न फळ्यावर लिहा आणि उत्तर लगेच देऊ नका. दोन तास द्या. मग त्याच टॉर्चखाली त्याच मुलांना त्यांचा पिरॅमिडही बघू द्या आणि दोन्हींत फरक काय दिसला ते वहीत लिहून घ्या.